आकाशातील कॅमेरा आणि गावाची हद्द



पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेण व नागोठणे यांच्या दरम्यान कासू हे लहानसे स्थानक लागते. पूर्वेस डोंगर, पश्चिमेस अंबा नदीच्या खाडीपर्यंत पसरलेला खारेपाट आणि या दोहोंच्या मधल्या पट्टीत झाडांच्या सावलीला वसलेली गावे व वाड्या, अशी या परिसराची ठेवण आहे. रायगड जिल्हा १९८१ पूर्वी कुलाबा या नावाने ओळखला जाई. त्या काळापासून, किंबहुना त्याच्याही कितीतरी आधीपासून, येथील गावकऱ्यांचे दोन प्रश्न चालत आले आहेत. पहिला घराच्या हद्दीचा आणि दुसरा खाऱ्या पाण्याला अडविणाऱ्या बांधाचा. लहान विमानावर कॅमेरा बसवून आकाशातून छायाचित्रे घेण्याचे जे शास्त्र गेल्या शतकात विकसित झाले, ते आता या दोन्ही प्रश्नांच्या अगदी दाराशी येऊन पोहोचले आहे. हे शास्त्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याची स्पष्ट जाण गावाच्या कारभारात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला असणे आवश्यक आहे.

आकाशातून पाहण्याचा इतिहास

पृथ्वीचे छायाचित्र उंचावरून घेण्याची कल्पना विमानाहूनही जुनी आहे. नादार या नावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली पॅरिसजवळ फुग्यातून असे छायाचित्र घेतले. १९०६ साली भूकंप व आग यांनी उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचे चित्र जॉर्ज लॉरेन्स या अमेरिकन छायाचित्रकाराने पतंगांच्या साहाय्याने कॅमेरा वर चढवून टिपले. ज्युलियस नॉयब्रॉनर या जर्मन औषधविक्रेत्याने तर कबुतरांच्या छातीवर चिमुकला कॅमेरा बांधण्याची युक्ती काढली होती. विमानातून चलत्चित्रण प्रथम १९०९ साली रोमजवळ झाले. पहिल्या महायुद्धात शत्रूचे खंदक हेरण्यासाठी या विद्येची झपाट्याने वाढ झाली आणि युद्ध संपल्यावर तीच विद्या नकाशे, जंगले व नद्या यांच्या मोजणीकडे वळली.

भारतात या कामाची परंपरा भारतीय सर्वेक्षण विभागाकडे आहे. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाने साखळी व थिओडोलाइट यांच्या जोडीला विमानातील कॅमेराही स्वीकारला. विमानातून घेतलेली छायाचित्रे वाचण्याचे शिक्षण देणारी संस्था १९६६ साली डेहराडून येथे सुरू झाली. १९७० च्या सुमारास केरळातील नारळांवर पडलेल्या मूळकुज रोगाचा शोध घेण्यासाठी हेलिकॉप्टरमध्ये कॅमेरा व अवरक्त किरणांना संवेदनशील अशी फिल्म वापरण्यात आली. डोळ्यांना निरोगी वाटणारे परंतु आतून रोगट झालेले झाड त्या फिल्मवर वेगळ्या रंगाचे दिसते. या प्रयोगाचे प्रणेते डॉ. पिशारोटी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते. भारतातील दूरसंवेदनशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो.

कॅमेरा बसविण्याचे शास्त्र

विमानात कॅमेरा नेणे सोपे आहे. त्यातून मोजता येईल असे छायाचित्र काढणे मात्र कठीण आहे. यात चार अडचणी येतात.

पहिली अडचण कंपनाची. यंत्राची थरथर विमानाच्या सांगाड्यातून कॅमेऱ्यात उतरते व चित्र अस्पष्ट होते. म्हणून कॅमेरा सांगाड्याला घट्ट जखडून न ठेवता रबराच्या किंवा स्प्रिंगच्या गादीवर तोलून धरावा लागतो. हातात कॅमेरा धरून खिडकीतून चित्रे घेणारा अनुभवी छायाचित्रकारही आपले कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकत नाही, ते याच कारणासाठी. पायलटविना उडणाऱ्या लहान विमानात, म्हणजे ड्रोनमध्ये, कॅमेरा 'गिंबल' नावाच्या झुल्यावर बसविलेला असतो. विमान डावी-उजवीकडे कलले तरी लहान मोटरी त्याच क्षणी उलट दिशेने फिरून कॅमेऱ्याला स्थिर राखतात.

दुसरी अडचण वेगाची. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान सेकंदाच्या पाचशेव्या भागातही सुमारे ११ सेंटीमीटर पुढे सरकते. तेवढ्या अंतराने जमिनीवरील रेघ पुसट होते. सेकंदाला १० मीटर जाणाऱ्या ड्रोनवरून सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र घेतले, तर ही पुसट केवळ १ सेंटीमीटरची राहते. घराच्या कुंपणाची रेघ मोजावयाची असेल तेव्हा हा फरक फार मोठा ठरतो.

तिसरी अडचण दिशेची. नकाशासाठी कॅमेऱ्याचे भिंग सरळ खाली रोखलेले असावे लागते. मोठ्या विमानात यासाठी तळाला झरोका ठेवून कॅमेरा त्यावर बसवितात. बाजूने वारा असेल तर विमान खेकड्यासारखे तिरके चालते. तेव्हा कॅमेरा तेवढ्याच कोनातून फिरवून घ्यावा लागतो, नाहीतर छायाचित्रांची पट्टी जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुटक होते.

चौथी बाब सुरक्षिततेची. लहान विमानाच्या अंगावर बाहेरून काहीही अडकविले की हवेचा विरोध वाढतो, तोल बदलतो, आणि वस्तू सुटली तर खालच्या माणसाच्या डोक्यावर पडते. म्हणून अशा जोडणीस विमान वाहतूक अधिकाऱ्यांची मान्यता लागते. चांगले मिळेल त्या पट्टीने बांधून उड्डाण करणे हे शास्त्र नव्हे, अविचार होय.

छायाचित्राचा नकाशा कसा होतो

उंची व भिंगाचे नाभीय अंतर यांवरून छायाचित्राचे प्रमाण ठरते. हे गणित माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल. नाभीय अंतर १५२ मिलिमीटर व विमानाची उंची १,५२० मीटर असेल तर प्रमाण १ : १०,००० होते, म्हणजे चित्रावरील १ सेंटीमीटर जमिनीवरील १०० मीटर दाखवितो. जुन्या मोजणी-कॅमेऱ्यांची फिल्म २३ सेंटीमीटर लांब-रुंद असे. एका चित्रात २.३ किलोमीटरचा चौरस येई.

परंतु एकेक चित्र सुटे घेऊन भागत नाही. प्रत्येक चित्राचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या चित्रातही यावा लागतो आणि शेजारच्या पट्टीशीही काही भाग सामाईक असावा लागतो. दोन डोळ्यांनी पाहिल्यावर जशी खोली कळते, तशी दोन ठिकाणांहून घेतलेल्या चित्रांवरून उंची-सखलपणा काढता येतो. त्याखेरीज चित्रातील उंच वस्तू केंद्रापासून बाहेर झुकल्यासारख्या दिसतात. ड्रोन १२० मीटर उंचीवर आहे आणि घर त्याच्या थेट खाली नसून ६० मीटर बाजूला आहे, असे समजू. जमिनीपासून ३ मीटर उंच असलेली छपराची कड त्या एका चित्रात सुमारे दीड मीटर बाहेर सरकलेली दिसेल. दीड मीटर म्हणजे शेजाऱ्याची अख्खी वाट. संगणकाच्या साहाय्याने अनेक चित्रे जुळवून ही चूक दूर केली जाते आणि जमिनीवर अचूक मोजलेल्या खुणांशी ती ताडून पाहिली जातात. अशा रीतीने सरळ केलेल्या चित्रावरूनच हद्दीची रेषा काढावयाची असते. कोणीतरी हौसेने घेतलेल्या चलत्चित्रावरून किंवा एकट्या छायाचित्रावरून फीत लावून जमिनीचा वाद सोडवू पाहणे म्हणूनच चुकीचे आहे.

गावठाणाची मोजणी

शेतजमिनीला सातबारा आहे, परंतु गावठाणातील घराला तो नसतो. मोठ्या गावांची, सामान्यतः २,००० हून अधिक लोकवस्तीच्या गावांची, गावठाणे मोजली गेली. लहान गावांची मागे राहिली. तेथे घराचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील कर आकारणीची नोंद. ही नोंद कर कोणी भरावा हे सांगते. जागेची लांबी-रुंदी व मालकी ती सिद्ध करीत नाही. त्यामुळे घर असूनही त्यावर कर्ज मिळत नाही, भावांत वाटणी होते ती तोंडी, आणि पाखाडी कोठे संपते व अंगण कोठे सुरू होते हा वाद पिढ्यानपिढ्या चालतो.

हे काम ड्रोनच्या साहाय्याने करण्याचा प्रयोग महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी झाला आणि २०१९ साली राज्याने गावठाण मोजणीचा कार्यक्रम हाती घेतला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी, राष्ट्रीय पंचायत राज दिनी, केंद्र शासनाने स्वामित्व योजना जाहीर केली. केंद्रीय पंचायत राज मंत्रालय, भारतीय सर्वेक्षण विभाग, राज्याचे महसूल, भूमि अभिलेख व ग्रामविकास विभाग आणि ग्रामपंचायत यांचे हे संयुक्त कार्य आहे. नकाशाचे प्रमाण १ : ५०० ठेवण्यात आले. म्हणजे नकाशावरील १ सेंटीमीटर ही जमिनीवरील ५ मीटर होते. उपग्रहांकडून येणारे संकेत अहोरात्र टिपणाऱ्या संदर्भ केंद्रांचे जाळे उभारल्यामुळे ड्रोनचे स्थान काही सेंटीमीटरपर्यंत निश्चित करता येते. पूर्वी मोजणीदाराला गल्लीगल्लीत जेथे कित्येक दिवस लागत, तेथे उड्डाणाचे काम काही तासांत आटोपते.

पागोळीची रेषा आणि भिंतीची रेषा

येथेच सावधगिरीची गरज आहे. आकाशातून दिसते ते छप्पर. कोकणात पावसापासून भिंती वाचविण्यासाठी छपराची कड भिंतीच्या बरीच पुढे काढलेली असते. वरून पाहिल्यास जी कड दिसते ती पागोळीची रेषा होय, भिंतीची नव्हे. शेजारच्या दोन घरांच्या पागोळ्या एकाच बोळात पडत असतील, तर वरून तो बोळ दिसतच नाही. एका आढ्याखाली दोन भावांचे संसार असतील, तर कॅमेऱ्याला ते एकच घर वाटते. पडवी पुढे वाढविलेली असेल तर ती मालकीच्या जागेत आहे की गावाच्या रस्त्यावर, हे कौलांवरून कळत नाही.

झाडांचीही तीच गोष्ट आहे. आंबा बारा महिने हिरवा असतो. त्याच्या व फणसाच्या पानांआड घराचा अर्धा भाग, विहीर, गोठा, कधी कधी सबंध पायवाट लपून जाते. घाटावरच्या उघड्या गावठाणात जे काम ड्रोन एकटा करील, ते कोकणात त्याला जमणार नाही. झाडाखालची मोजणी माणसाने जमिनीवर उभे राहूनच करावी लागेल.

म्हणून उड्डाणापूर्वी चुन्याची रेषा ओढण्याची पद्धत ठरविण्यात आली आहे. ग्रामपंचायत, महसूल व भूमि अभिलेख खात्याचे कर्मचारी आणि घरमालक यांनी एकत्र उभे राहून प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखावयाची, मग ड्रोनने ती टिपावयाची, त्यानंतर नकाशा गावात आणून जागेवर पडताळावयाचा, हरकती ऐकावयाच्या, चौकशी करावयाची आणि शेवटी मिळकत पत्रिका द्यावयाची, असा हा क्रम आहे. या सर्व पायऱ्यांत उड्डाण ही सर्वांत झटपट आणि डोळ्यांत भरणारी पायरी आहे. न्याय मात्र तिच्या आधीच्या व नंतरच्या पायऱ्यांवर अवलंबून आहे. चुन्याची रेषा जर एकाच्या सांगण्यावरून ओढली गेली, तर ड्रोन ती चूकही तितक्याच अचूकपणे टिपील आणि तिला नकाशाची प्रतिष्ठा मिळेल. कॅमेरा रेषा दाखवितो, हक्क ठरवीत नाही.

कोणाची हद्द सुटण्याचा संभव आहे

कासू व आसपासच्या गावांतील अनेक कुटुंबांचे कर्ते पुरुष पनवेल, ठाणे, मुंबई येथे नोकरीस असतात. चुना ओढण्याच्या दिवशी दाराला कुलूप असेल, तर हद्द शेजारी सांगेल ती. म्हणून दिवस अगोदर ठरवून, शक्यतो लोक गावी येतात अशा सणाच्या किंवा सुट्टीच्या सुमारास, आणि पत्र व दूरध्वनी यांनी कळवून ठेवणे इष्ट आहे. पावसाळ्यात चुना वाहून जातो व ढग दृष्टी अडवितात. त्यामुळे काम कोरड्या ऋतूत येणार, हे ध्यानी घेऊन तयारी आधीच व्हावी.

दुसरा वर्ग वारस स्त्रियांचा. विधवा व विवाहित मुली यांचे नाव नमुना ८ मध्ये नसते म्हणून त्यांचा हक्क नाहीसा होत नाही. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. चौकशीच्या वेळी वारसांची नावे विचारली गेली नाहीत, तर कागदावर एकच नाव राहील व पुढे वाद वाढेल.

तिसरा वर्ग वाड्यांचा आहे आणि तो सर्वांत दुर्बळ आहे. पेण व रोहे तालुक्यांत कातकरी व ठाकर यांच्या वाड्या आहेत. कातकरी ही शासनाने विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आदिवासी गटांपैकी एक जमात आहे. अशा पुष्कळशा वाड्या मूळ गावठाणाच्या हद्दीबाहेर, कधी दुसऱ्याच्या मालकीच्या, कधी वनजमिनीवर वसलेल्या असतात. उड्डाणाची सीमा गावठाणापुरती आखली, तर या वाडीवरून ड्रोन जाणारच नाही, आणि नकाशात ती नसल्यामुळे पुढे पाणी, रस्ता, घरकुल यांची चर्चा होताना तिची आठवणही राहणार नाही. अशा वाडीचा हक्क गावठाणाच्या मोजणीतून नव्हे, तर वनहक्क कायदा किंवा गावठाण विस्तार यांसारख्या अन्य मार्गाने मिळवावा लागेल. परंतु ती वाडी आहे, ही गोष्ट ग्रामसभेच्या ठरावात लिहून ठेवणे ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

खारभूमीच्या बांधावर

घराच्या हद्दीइतकीच खारेपाटाला बांधाची काळजी असते. समुद्राच्या उधाणाने बाहेरकाठ्याला खांड पडली की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि जमीन पुन्हा गोडी होण्यास पावसाळ्यामागून पावसाळे जातात. या जमिनींच्या विकासासाठी महाराष्ट्राने १९७९ साली स्वतंत्र कायदा केला. मैलोगणती बांध पायी चालून पाहणे अवघड आहे. चिखलामुळे कित्येक जागी पोहोचताच येत नाही. उधाणापूर्वी व उधाणानंतर त्याच मार्गाने, त्याच उंचीवरून ड्रोन नेऊन चित्रण केले, तर कोठे बांध खचला, कोणती उघाडी निकामी झाली, तिवरांची झाडी बांधाच्या आत कोठवर आली, हे ताडून पाहता येते. येथे चलत्चित्राचा खरा उपयोग आहे. ते पाहणीसाठी उत्तम, मोजणीसाठी मात्र लंब छायाचित्रेच घ्यावीत.

जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने जांभूळपाडा व नागोठणे या भागात मोठी हानी केली. अशा आपत्तीनंतर नुकसानीचे पंचनामे करताना 'पूर्वी येथे काय होते' हा पहिला प्रश्न असतो. पूर येण्यापूर्वीचे चित्र जपून ठेवलेले असेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर गरिबाच्या बाजूने उभे राहू शकते.

नियम आणि शिष्टाचार

ड्रोन कोणीही कोठेही उडवावे अशी स्थिती नाही. २५ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या ड्रोन नियमांनी वजनाप्रमाणे वर्ग ठरविले आहेत. २५० ग्रॅमपर्यंत अतिसूक्ष्म, २ किलोपर्यंत सूक्ष्म व २५ किलोपर्यंत लहान, असे पहिले तीन वर्ग आहेत. आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे विभाग केले आहेत. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, उड्डाणास वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या व लाल विभागांत ती घ्यावी लागते. विभागाची खातरजमा उड्डाणाच्या दिवशी सरकारी नकाशावर करून घ्यावी.

नियमांखेरीज गावचा शिष्टाचारही आहे. घरामागची न्हाणी, अंगणातील बायामाणसांचा वावर हे सारे वरून दिसते. म्हणून आदल्या दिवशी दवंडी द्यावी, उड्डाणाची वेळ व हेतू सांगावा, आणि घेतलेली चित्रे कामापुरतीच वापरावीत. लोकांच्या मनात संशय राहिला तर चुना ओढावयास कोणी बाहेर येणार नाही.

कर्तव्ये कोणाची

अधिकाऱ्यांनी मोजणीपूर्वी ग्रामसभेत या कामाची पूर्ण माहिती सोप्या भाषेत द्यावी आणि हरकतींना पुरेसा अवधी ठेवावा. पंचायत सदस्यांनी घरोघरी फिरून बाहेरगावी असलेल्या मालकांची, वारसांची, समाईक भिंतींची व गावठाणाबाहेरच्या वाड्यांची यादी आधीच तयार करावी. रस्ते, विहिरी, स्मशान, गुरचरण व देवळाची जागा यांच्या हद्दी प्रथम आखून घ्याव्यात, कारण सार्वजनिक जागेला स्वतःहून बोलणारा मालक नसतो. शिक्षकांनी आलेला नकाशा शाळेच्या भिंतीवर लावावा. मुलांना प्रमाणाचे गणित करू द्यावे, आपले घर शोधू द्यावे, आणि घरी जाऊन आजी-आजोबांना विचारू द्यावे की ही रेषा बरोबर आहे काय. ज्या वृद्धांना कागद वाचता येत नाही, त्यांच्या हरकती या मार्गाने वेळेवर पुढे येतील.

विमानावर बसविलेला कॅमेरा हे आपल्या हाती आलेले मोठे साधन आहे. त्याने वर्षांचे काम दिवसांवर आणले. वाचलेला तो वेळ कासूसारख्या गावांत हद्दीवर उभे राहून शेजाऱ्याचे म्हणणे ऐकण्यात, कुलूप लागलेल्या दाराच्या मालकाला बोलावण्यात आणि झाडाखालची जागा फितीने मोजण्यात खर्च झाला, तर हाती येणारी मिळकत पत्रिका गावातल्या वादांचा शेवट करील. तसे झाले नाही, तर तेच जुने वाद अधिक सुबक नकाशावर पुन्हा सुरू होतील.